‘इलेक्ट्रॉन फिरतो’ म्हणावे का? गती, चाल आणि वेग यांविषयी

सोलापूरच्या एका विज्ञान शिक्षिकेने विचारले आहे की गती, चाल आणि वेग हे शब्द बोलण्यात एकमेकांच्या जागी सर्रास चालतात, तर सापेक्षता व पुंजयामिकी (क्वांटम मेकॅनिक्स) शिकवताना कोणता कुठे वापरावा, आणि ‘इलेक्ट्रॉन केंद्रकाभोवती फिरतो’ हे वाक्य बरोबर मानावे का.

पाठ्यपुस्तकांचा संकेत सरळ आहे: हलण्याची क्रिया ती गती, तिचे दिशेविना माप ती चाल आणि दिशेसह माप तो वेग. मागावरचा धोटा पलीकडे जाऊन परत येतो, तेव्हा त्या फेरीतला त्याचा सरासरी वेग शून्य भरतो, सरासरी चाल मात्र भरत नाही.

सापेक्षतेत ‘गाडीची गती’ एवढे म्हणून भागत नाही. कशाच्या सापेक्ष, हे सांगावे लागते. ‘मोहोळ गेले, आता सोलापूर येईल’ असे म्हणणारा प्रवासी नकळत डबाच स्थिर धरत असतो. अपवाद प्रकाशाचा. आइन्स्टाइन यांनी १९०५ मध्ये मांडल्याप्रमाणे निर्वातात तो एकसमान वेगाने जाणाऱ्या प्रत्येक निरीक्षकाला सेकंदाला २९,९७,९२,४५८ मीटर असाच जाताना आढळतो. येथे ‘वेग’ न म्हणता ‘चाल’च म्हणावे, कारण प्रकाशाची दिशा निरीक्षकागणिक वेगळी दिसू शकते.

खरी अडचण ‘फिरतो’ या क्रियापदात आहे. फिरण्याला वाट लागते, आणि वाट म्हणजे प्रत्येक क्षणी एक नेमके स्थान व एक नेमका वेग. धोट्याला ती असते, पण हायझेनबर्ग यांच्या १९२७ च्या अनिश्चिततेच्या तत्त्वानुसार इलेक्ट्रॉनचे स्थान आणि संवेग (ढोबळमानाने वस्तुमान गुणिले वेग) एकाच वेळी नेमके असू शकत नाहीत. हायड्रोजनच्या किमान ऊर्जेच्या अवस्थेत तर त्याचा कक्षीय कोनीय संवेगही (केंद्रकाभोवती फिरण्याचे माप) शून्य असतो, म्हणजे प्रदक्षिणा नाहीच. तरीही सरासरी गतिज ऊर्जा, म्हणजे गतीची म्हणून ओळखली जाणारी ऊर्जा, १३.६ इलेक्ट्रॉन-व्होल्ट (अणूंच्या पातळीवरचे ऊर्जेचे एकक) भरते. ‘गती’ हा शब्द गम्, म्हणजे जाणे, या धातूपासून आला आहे आणि येथे कोणी कुठून कुठे जात नाही. उलट ‘वेग’ ज्या विज् धातूपासून आला, त्याचा अर्थ थरथरणे, क्षुब्ध होणे असा आहे (उद्वेग आणि आवेग त्याच घरचे), म्हणून ‘संवेग’ हा शब्द पुंजयामिकीत मला अधिक शोभतो. हा अर्थात योगायोग, परिभाषा करणाऱ्यांचा हेतू नव्हे.

‘गतिज ऊर्जा’ रूढ आहे, ती राहू द्यावी. मात्र वर्गात ‘इलेक्ट्रॉन केंद्रकाभोवती आढळतो’ असे म्हणावे, आणि ‘कक्षा’ (ठरलेली वाट) न म्हणता ‘कक्षक’ (इलेक्ट्रॉन आढळण्याची शक्यता जिथे अधिक, तो भाग) म्हणावे.