पांढऱ्या पास्त्याऐवजी कोणता पास्ता घ्यावा?

माझं मत विचाराल तर मसूर किंवा हरभऱ्याच्या पिठाचा. १०० ग्रॅम कोरड्या पास्त्यात साधारण २० ग्रॅम प्रथिनं मिळतात, पांढऱ्यात १२-१३. तंतुमयताही जास्त, त्यामुळे पोट बराच वेळ भरलेलं राहतं. फक्त उकळताना फेस खूप येतो आणि मिनिटभर जास्त झालं की गाळ होतो, म्हणून पाकिटावरच्या वेळेच्या जरा आधीच एक तुकडा चावून बघा.

चव फार बदलायला नको असेल तर संपूर्ण गव्हाचा घ्या. घटकांच्या यादीत पहिलं नाव तेच हवं. हिरव्या रंगाच्या 'पालक पास्त्या'ला मात्र भुलू नका, त्यात बहुधा पालकाची चिमूटभर पूडच असते. आणि सॉसमध्ये क्रीम ओतणार असाल, तर आधी ते कमी करा.