ठराव जिंकूनही ताम्ब्रोनी सरकार का पडले?

प्रश्न : इटलीत 1960 साली फेर्नांदो ताम्ब्रोनी यांच्या अल्पमतातील सरकारने संसदेत विश्वासदर्शक ठराव जिंकला, तरी चार महिन्यांतच ते गेले. रस्त्यावरच्या आंदोलनाने निवडून आलेले सरकार घालवले, असे म्हणायचे का?

उत्तर : आंदोलनाने ते घालवले हे खरे, पण त्याचा पाया पहिल्याच दिवशी खचला होता. इटलीच्या संविधानानुसार नव्या सरकारला दोन्ही सभागृहांचा विश्वास मिळवावा लागतो. राष्ट्राध्यक्ष जोव्हान्नी ग्रोंकी यांनी नेमलेल्या ताम्ब्रोनींच्या मंत्रिमंडळात केवळ ख्रिश्चन डेमोक्रॅट होते आणि 8 एप्रिलला कनिष्ठ सभागृहात त्यांना 293 विरुद्ध 300 मते मिळाली. या तीनशेंत मुसोलिनीच्या अनुयायांनी स्थापलेल्या इटालियन सोशल मूव्हमेंटची मते होती, आणि त्या पक्षाचे खासदार 24 होते. ते वजा केले की बहुमत उरतच नाही. फॅसिझम संपून जेमतेम पंधरा वर्षे झाली असताना सरकार त्याच्याच वारसांच्या टेकूवर उभे राहावे, हे ख्रिश्चन डेमोक्रॅट पक्षातल्या डाव्या गटालाही मान्य झाले नाही. बो, पास्तोरे आणि सुल्लो या तीन मंत्र्यांनी राजीनामे दिले, पाठोपाठ ताम्ब्रोनींनीही दिला. मात्र त्याच पक्षाचे नेते आमिन्तोरे फानफानी यांचा पर्यायी सरकारचा प्रयत्न फसल्यावर ग्रोंकींनी ताम्ब्रोनींनाच सिनेटपुढे, म्हणजे वरिष्ठ सभागृहापुढे, पाठवले आणि महिनाअखेर तेथेही ते तरले.

टेकू देणाऱ्या पक्षाने मग आपले अधिवेशन जुलैच्या आरंभी जेनोआत भरवायचे ठरवले. एप्रिल 1945 मध्ये याच शहरात जर्मन सैन्याने थेट फॅसिझमविरोधी प्रतिकार चळवळीच्या सैनिकांपुढे शस्त्रे ठेवली होती, आणि आता नाझींच्या आश्रयाखालच्या राजवटीत तेथे प्रीफेक्ट (प्रांतातला सरकारचा प्रमुख अधिकारी) असलेला बाझीले अधिवेशनाला येणार, अशी बातमी पसरली. 28 जूनला समाजवादी नेते सांद्रो पेर्तीनी यांनी तेथील प्रचंड सभेत भाषण केले. 30 जूनच्या संपात गोदी कामगार, जुने सैनिक आणि पट्ट्यापट्ट्यांचे बनियन घातलेली तरुण मुले एकत्र रस्त्यावर उतरली व दे फेर्रारी चौकात पोलिसांशी त्यांची तुंबळ चकमक झाली. अधिवेशन रद्द झाले.

ताम्ब्रोनींना तेव्हाही सावरता आले असते, असे मला वाटते. पण बळाचा वापर वाढतच गेला. 6 जुलैला रोममध्ये घोडेस्वार काराबिनिएरी (लष्करी पोलिस) मोर्चावर धावून गेले आणि दुसऱ्याच दिवशी रेज्जो एमिलियात पोलिसांच्या गोळीबारात पाच कामगार ठार झाले. सिसिलीतही माणसे मेली. एवढ्या रक्तपातानंतर स्वपक्षालाही ताम्ब्रोनी नकोसे झाले आणि 19 जुलैला त्यांनी राजीनामा दिला.

तेव्हा आंदोलनाने लोकशाहीवर मात केली, हा निष्कर्ष मला पटत नाही. संसदेत पर्याय होताच, कारण आठवडाभरातच फानफानींनी सरकार बनवले आणि सोशल डेमोक्रॅट, रिपब्लिकन व लिबरल पक्षांच्या पाठिंब्यावर, समाजवाद्यांनी तटस्थ राहण्याचे मान्य केल्याने, ते टिकले. पुढे डिसेंबर 1963 मध्ये आल्दो मोरो यांच्या मंत्रिमंडळात समाजवादी प्रत्यक्ष सामील झाले.