भारतीय फुटबॉलमध्ये मोठा फॉरवर्ड (आघाडीला खेळणारा) पुढे तितकाच मोठा प्रशिक्षक झाल्याचं उदाहरण आहे का?

आहे की! पी. के. बॅनर्जी.

खेळाडू म्हणून ते उजव्या बाजूचे फॉरवर्ड. चुनी गोस्वामी, तुलसीदास बलराम आणि पीके ही आघाडीची फळी जुनी मंडळी अजून विसरलेली नाहीत. १९५६च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारत चौथा आला, त्या संघात ते होते. १९६०ला रोममध्ये कर्णधार, आणि फ्रान्सविरुद्धच्या १-१ बरोबरीत भारताचा गोल त्यांचाच. १९६२च्या जकार्ता एशियाडच्या अंतिम सामन्यात दक्षिण कोरियाला २-१ने हरवलं, त्यातही एक गोल यांचा.

गंमत म्हणजे हा माणूस मोहन बागान किंवा ईस्ट बंगाल या कोलकात्याच्या दोन बड्या क्लबांकडून कधी खेळलाच नाही. ईस्टर्न रेल्वेकडून खेळला आणि १९५८ला त्यांना कलकत्ता लीगही जिंकून दिली. पण प्रशिक्षक म्हणून मात्र दोन्ही क्लब गाजवले. १९७५च्या आयएफए शील्ड स्पर्धेच्या अंतिम सामन्यात ईस्ट बंगालने बागानचा ५-० धुव्वा उडवला, तेव्हा बाकावर पीके. १९७७ला पेलेच्या न्यूयॉर्क कॉसमॉस क्लबला ईडन गार्डन्सवर २-२ रोखणाऱ्या बागानचे प्रशिक्षकही तेच!

डावपेचांपेक्षा त्यांची ख्याती ड्रेसिंग रूममधल्या भाषणांची. त्याला ‘व्होकल टॉनिक’ म्हणत. १९९७च्या फेडरेशन कप उपांत्य सामन्याआधी बागानचे प्रशिक्षक अमल दत्तांच्या ‘डायमंड’ रचनेचा (मैदानावर खेळाडू उभे करण्याच्या पद्धतीचा) केवढा गाजावाजा झाला होता! पीकेंच्या ईस्ट बंगालने बागानला ४-१ हरवलं, भायचुंग भुतियाची हॅटट्रिक. माझ्या मते त्यांच्या प्रशिक्षकपदाच्या कारकिर्दीतला सगळ्यात झणझणीत विजय हाच.