एसीची थंड हवा नेणाऱ्या पत्र्याच्या डक्टच्या जोडांवर ॲल्युमिनियम टेप मारली की पुरे का?

नाही. तुमचा ठेकेदार म्हणतो ना, ‘पत्रा फिट बसलाय, वरून टेप मारली की हवा कुठं जाते?’ हेच वाक्य नाशिकजवळ अंबडच्या आमच्या डक्ट बनवायच्या शेडमध्ये दाजींच्या तोंडून वर्षानुवर्षं ऐकलंय, म्हणून लिहायला बसलो.

सिन्नरच्या एका कारखान्याचं काम होतं. २४ गेजचा जीआय (जस्त चढवलेला) पत्रा, लांबीला पिट्सबर्ग लॉक (पत्र्याच्या कडा एकमेकींत घडी घालून ठोकलेला सांधा), दोन तुकड्यांच्या जोडाला फ्लँज (आवळायची चौकट). मी म्हणत होतो, लॉक ठोकायच्या आधी त्याच्या खाचेत सीलंट सोडू. घडी एकदा मिटली की बाहेरून कितीही सिलिकॉन फासा, ते ठिगळच. दाजी म्हणाले, “वरून इन्सुलेशन येणारे, कोण बघतंय?” टेप मारली, तीही पत्र्यावरचं तेल न पुसता. फ्लँजमधलं गॅसकेट (हवा अडवणारी मऊ पट्टी) कोपऱ्यांवर तोकडं पडलं होतं, ते तसंच आवळलं.

श्रावणात फॉल्स सीलिंगवर पिवळे डाग. सगळ्यांचा संशय चिलरच्या, म्हणजे एसीसाठी पाणी थंड करणाऱ्या यंत्राच्या, पाइपवर. मी दोन जोडांवरचं इन्सुलेशन सोललं, तर टेप कांद्याच्या सालीसारखी हातात आली. रात्री ब्लोअर आणि दिवे बंद करून डक्टमध्ये हॅलोजन सोडला. फ्लँजच्या चारही कोपऱ्यांतून उजेड बाहेर! थंड हवा तिथून निसटून इन्सुलेशनखाली शिरायची, वरचं अंग गार पडायचं आणि पावसाळी हवेतलं पाणी त्यावर धरायचं. सीलिंगचा खर्च निम्मा माझ्या वाट्यातून गेला.

तेव्हा इन्सुलेशन चढायच्या आधी असा उजेड टाकून बघा, आणि ठेकेदाराला शेजारी उभा करा. रिटर्नचे, म्हणजे हवा परत नेणाऱ्या डक्टचे, जोडही सोडू नका, तिथून छताच्या पोकळीतली धूळ आत ओढली जाते. मास्टिक (जोडांवर फासायचा घट्ट सीलंट) लावलं तर वाळेपर्यंत ब्लोअर चालू करू देऊ नका.

चांगल्या ॲल्युमिनियम फॉइल टेपला मी सरसकट नावं ठेवत नाही हां. स्वच्छ, कोरड्या पत्र्यावर ती टिकते. अमेरिकेतल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेच्या १९९८ च्या चाचण्यांत नापास झाली ती कापडी डक्ट टेप, नावातच डक्ट असून! आणि तुमचा डक्ट हॉटेलच्या भटारखान्याचा धूर काढायचा असेल तर हे सगळं विसरा, तिथं वेल्डिंगच हवं.

दाजी अजूनही ताईकडे जेवायला बसलो की म्हणतात, “चिलरचा पाइपच होता तो.” ती सोललेली टेप मी डब्यात जपून ठेवलीय.