संभाजीनगरच्या सातारा-देवळाई परिसरात पहिल्यांदाच जातोय. काय पाहावं, वाट कशी शोधावी?

हा सातारा म्हणजे छत्रपती संभाजीनगरच्या दक्षिणेला, बीड बायपासपलीकडे डोंगराच्या पायथ्याशी असलेलं गाव. रिक्षावाल्याला ‘साताऱ्याचा खंडोबा’ सांगा. रेल्वे स्टेशनपासून देऊळ पाचएक किलोमीटर.

इथला पत्ता वाचता आला की निम्मं काम झालं. पत्त्यात बहुतेक वेळा रस्त्याचं नाव नसतं, गट नंबर असतो. म्हणजे सातबाऱ्यावरचा, शेताचा. शेतं गुंठ्यागुंठ्याने विकली गेली (गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट, ४० गुंठ्यांचा एकर) आणि ज्याने त्याने आपल्या तुकड्यापुरत्या गल्ल्या पाडल्या. त्यामुळे गल्ली सरळ जाता जाता जुन्या बांधाशी भिंतीला धडकते. नकाशावर पाठीला पाठ लावून दिसणाऱ्या दोन सोसायट्यांमध्ये गाडीने जायचं तर बायपासवर येऊन वळसा पडतो. म्हणून फोनवर गट नंबराबरोबर ‘कोणत्या चौकातून आत वळू?’ हेही विचारा. २००१च्या गुंठेवारी कायद्याने अशी घरं नियमित व्हायची सोय झाली, २०२१च्या दुरुस्तीने २०२० अखेरपर्यंतची बांधकामंही त्यात आली. गल्ल्या काही त्याने सरळ झाल्या नाहीत.

पाहायचं म्हणाल तर आधी गावठाण, म्हणजे गावाची जुनी वस्ती. तिथे खंडोबाचं कोरीव दगडी देऊळ आहे. खांबांवरचं काम निवांत पाहावं. रविवार देवाचा वार, त्यामुळे गर्दी. नक्षी पाहायची तर मधल्या वारी सकाळी जा. मार्गशीर्षातल्या चंपाषष्ठीला यात्रा भरते. चातुर्मासात सोडलेली वांगी-कांदे त्या दिवशी पुन्हा ताटात येतात, नैवेद्य भरीत-रोडग्याचा. गाडी लांबच लावा. भंडारा सांडलेल्या फरशीवर पाय घसरतो, आणि पांढऱ्या कपड्यावरची हळद साबणाने लाल होते.

डोंगर जुलै ते सप्टेंबरमध्ये हिरवा असतो, पण मुरूम सुटा. चढताना काही वाटत नाही, उतरताना घसरतो. खोबणीच्या तळव्याचे बूट घाला, अंधाराआधी खाली या. पावसाळ्यात आतल्या कच्च्या रस्त्यांवर, विशेषतः ओढ्याकाठच्या काळ्या मातीत, दुचाकी नेऊ नका. चिखल मडगार्डमध्ये भरून चाक जाम होतं. उन्हाळ्यात अरुंद गल्लीत पाण्याचा टँकर उभा असला की तो रिकामा होईपर्यंत थांबणं आलं.

डिसेंबर-जानेवारीत येणार असाल तर देवळाईच्या पुढे गांधेलीकडे अजून शेतं आहेत. तिथे हुरडा मागताना ज्वारी सुरती की गुळभेंडी ते विचारा. दाण्यासाठी पेरलेल्या मालदांडीला ती गोडी नाही. आगटीवरून, म्हणजे भाजायच्या विस्तवावरून, काढला की लगेच खा, गार झाला की चिवट होतो.