दुकानातला दिव्यांचा रॅक आणि कलम 5

प्रश्न (थोडक्यात): सोलापूर जिल्ह्यात माझं किराणा आणि पानाचं दुकान आहे. दोन वर्षांपूर्वी सिगारेट एजन्सीच्या सेल्समनने दिव्यांचा रॅक बसवून दिला, वर ब्रँडचा रंगीत पॅनल. त्याचे दरमहा पैसे मिळतात. कागदावर सही केली, प्रत घेतली नाही. अडीच महिन्यांपूर्वी पोलिसांनी रॅक आणि त्यातली पाकिटं जप्त केली. आता समन्स आलंय. ‘गुन्हा कबूल कर, दोनशे रुपये भर, मोकळा हो’ असं सगळे सांगतात. भरू का? पाकिटं झाकून ठेवायची सक्ती आहे का? आणि झाकल्याने सिगारेट सोडतो कोण?

उत्तर: समन्स हातात घ्या आणि त्यावर कोणतं कलम लिहिलंय ते आधी बघा. दोनशे रुपयांत मिटतात ते 2003 च्या तंबाखू नियंत्रण कायद्यातले कलम 4 आणि 6 चे गुन्हे, म्हणजे सार्वजनिक जागी धूम्रपान, अठरा वर्षांखालच्या मुलाला विक्री किंवा शाळेच्या 100 यार्डांत विक्री. त्यांना तडजोड आहे. तुमच्या समन्सवर कलम 5 (जाहिरातीला मनाई) आणि 22 (त्याची शिक्षा) असेल (तुमच्या वर्णनावरून तेच असणार), तर तिथे तडजोडीची सोय नाही. पहिल्यांदा दोषी ठरल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. दुसऱ्यांदा ठरल्यास पाच वर्षांपर्यंत कैद आणि पाच हजारांपर्यंत दंड. आज हजार रुपये भरून घरी याल, पण तुमच्या नावावर दोषसिद्धी लागलेली असेल. उद्या दुसऱ्या एजन्सीचा पॅनल लागला की तुम्ही थेट दुसऱ्या शिक्षेच्या रांगेत. त्यामुळे पहिल्या तारखेला गुन्हा कबूल करू नका.

सगळं प्रकरण एका जागी येऊन ठेपतं, आणि ती जागा म्हणजे तुम्ही न वाचता सही केलेला कागद.

कलम 5 चं पोटकलम (2) म्हणतं, प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष आर्थिक लाभासाठी तंबाखूची जाहिरात लावू नये, लावू देऊ नये. पण त्याच पोटकलमाला परंतुक, म्हणजे अपवादाची अट आहे: जिथे सिगारेट विकली जाते त्या दुकानाच्या दारावर किंवा आत लावलेल्या जाहिरातीला हे पोटकलम लागू नाही. एजन्सीवाले ‘आतमध्ये चालतं’ म्हणतात ते याच्याच जोरावर. परंतुकाचे शब्द मात्र ‘या पोटकलमाला’ असे आहेत. पुढचं पोटकलम (3) त्यात येत नाही. ते करार करून किंवा अन्य प्रकारे सिगारेटच्या वापराचा प्रचार करण्याला मनाई करतं. त्यातल्या भेट, बक्षीस, प्रायोजकत्व या शब्दांचा आवाका किती, यावर दोन्ही बाजू भांडतील आणि निकाल काय लागेल हे छातीठोकपणे सांगता येणार नाही. पण तुमच्या कागदात ‘ब्रँड प्रमोशन’ लिहिलंय की ‘रॅकच्या जागेचं भाडं’, याने बचावाची दिशाच बदलते. आणि नेमका तोच कागद तुमच्याकडे नाही! दुकानाचा भाडेकरार कोणी प्रत न घेता करत नाही. मग दरमहा पैसे देणाऱ्या कंपनीच्या कागदावर अशी सही का करायची?

आजच एजन्सीला पत्र लिहा. कराराची प्रत मागा, यापुढे पैसे नकोत असं कळवा, आणि त्यांचं आणखी काही साहित्य दुकानात असेल तर ते सात दिवसांत उचला असं सांगा. पत्रात ‘मी तुमची जाहिरात करत होतो’ अशा अर्थाचं एकही वाक्य नको. स्पीड पोस्टने पोचपावतीसह पाठवा, सेल्समनला व्हॉट्सॲप करून भागणार नाही. सोबत बँकेचं पासबुक आणि एजन्सीची जुनी बिलं काढा. पुष्कळदा रोख पैसे येत नाहीत, बिलातच ‘डिस्प्ले स्कीम’ म्हणून रक्कम वजा होते. तोही अप्रत्यक्ष लाभच, आणि सरकारी वकील पहिल्यांदा तेच दाखवतील.

यानंतर पंचनामा. त्याची नक्कल काढा आणि पॅनल नेमका कुठे होता याबद्दल काय लिहिलंय ते वाचा: दर्शनी भागी, दारावर, की आत गल्ल्यामागे? दिवे चालू होते का? फोटो जोडलेत का? दिव्यांचा प्रश्न किरकोळ नाही. कायद्यातल्या ‘जाहिराती’च्या व्याख्येत प्रकाशाच्या साधनाने केलेली जाहिरातही येते. शिवाय या कायद्याखालच्या 2005 च्या नियमांप्रमाणे दुकानाच्या दारावरचा फलक 60 × 45 सेंटिमीटरपेक्षा मोठा नको, त्यावर ‘तंबाखूमुळे कर्करोग होतो’ अशा अर्थाचा इशारा हवा, फक्त मालाचा प्रकार लिहायचा, ब्रँडचं नाव किंवा पाकिटाचं चित्र नाही, आणि फलकामागून किंवा वरून उजेड अजिबात नाही. तुमचा पॅनल रस्त्यावरून दिसत असेल तर ‘तो आत होता’ हा बचाव लंगडा पडतो.

‘बाजारात सगळ्यांकडेच असे बोर्ड आहेत’ असंही तुम्ही लिहिलंय. ते खरं आहे आणि त्याचा दोष एकट्या दुकानदारांचा नाही. 2005 च्या या नियमांना मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिलं गेलं, अंतरिम स्थगिती मिळाली आणि ती सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2013 मध्ये रद्द केली. अंतरिम म्हणवणारा आदेश सात वर्षांहून अधिक चालला. तेवढ्या काळात दिव्यांचे बोर्ड गावोगाव पोचले आणि लोकांना ते कायदेशीर वाटू लागले. इतक्या साध्या आरोग्यनियमासाठी इतकी वर्षं लागावीत याचा संताप येतो. तरी शेजाऱ्याकडेही तसाच बोर्ड आहे हा तुमचा बचाव होऊ शकत नाही.

आता जप्त माल. इथे दिवस मोजावे लागतील. याच तंबाखू कायद्याच्या कलम 13 प्रमाणे जप्त केलेली पाकिटं किंवा जाहिरातीचं साहित्य नव्वद दिवसांपलीकडे ठेवायचं असेल तर जिल्हा न्यायाधीशांची मंजुरी लागते. जप्तीला अडीच महिने झाले, म्हणजे तुमच्या हातात जेमतेम दोन आठवडे आहेत. मंजुरी घेतली आहे का, हे तपास अधिकाऱ्याला लेखी विचारा. पाकिटांच्या 85 टक्के भागावर सचित्र इशारा असेल आणि खरेदीची जीएसटी बिलं असतील, तर त्या मालात बेकायदा काही नाही. तो सुपुर्दनाम्यावर (कोर्ट मागेल तेव्हा हजर करीन अशा हमीवर) परत मिळावा म्हणून प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करा. खटला कोर्टात उभा राहिलाय का त्यावर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 497 की 503 हे ठरेल, ते तुमचे वकील बघतील. मालखान्यात पडलेली सिगारेट वाळते, तीन-चार महिन्यांनी तिला गिऱ्हाईक राहत नाही. दिव्यांचा पॅनल मात्र परत मागू नका.

आणखी एक मुद्दा स्थानिक वकिलाला तपासायला सांगा. पहिल्या गुन्ह्याची कमाल शिक्षा दोन वर्षं असल्याने तो अदखलपात्र धरला जाण्याची शक्यता आहे. तसं असेल तर तपासापूर्वी दंडाधिकाऱ्यांचा आदेश घेतला होता का, हा प्रश्न उभा राहतो. गुन्हा जामीनपात्र आहे, अटकेची धास्ती नको. आणि केस जुनी होऊन आपोआप मिटेल या भरवशावर तारखा चुकवू नका, वॉरंट निघेल.

झाकण्याची सक्ती? भारतात आज नाही. रॅकमध्ये पाकीट ठेवणं हा गुन्हा नाही. मात्र माल अठरा वर्षांखालच्या मुलांच्या सहज हाती लागेल असा मांडू नये, असा नियम आहे. म्हणजे बिस्किटांच्या बरण्यांशेजारी काउंटरवर पाकिटं नकोत. वयाच्या मनाईचा 60 × 30 सेंटिमीटरचा फलक हवा. सुटी सिगारेट-बिडी महाराष्ट्रात सप्टेंबर 2020 पासून बंद आहे. मुलाच्या हातात पाकीट दिलंत तर बाल न्याय कायद्याचं कलम 77 लागू शकतं, तिथे सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड आहे. दुकानातल्या जाहिरातीची सवलत काढून टाकण्याचा प्रस्ताव तंबाखू कायद्याच्या 2020 च्या दुरुस्ती मसुद्यात होता, पण त्याचा कायदा झालेला नाही.

झाकल्याने कोण सोडतो, हे कोर्ट विचारणार नाही. तुम्ही विचारलंय म्हणून सांगतो. रोज दोन पाकिटं ओढणारा तुमच्या रॅककडे बघतही नाही, तो ब्रँडचं नाव सांगून मागतो. त्याच्यावर फारसा परिणाम होत नाही. आयर्लंडने जुलै 2009 मध्ये दुकानातली मांडणी बंद केली, तेव्हा विक्रीत लगेच म्हणावी अशी घट दिसली नाही. पण मुलांमध्ये फरक दिसला. दुकानात सिगारेटची मांडणी पाहिल्याचं आठवणाऱ्या किशोरांचं प्रमाण 81 टक्क्यांवरून 22 वर आलं. आपल्या वयाची पाचातल्या एकाहून जास्त मुलं ओढतात असं मानणारे 62 वरून 46 टक्क्यांवर आले. ‘सगळेच ओढतात’ ही समजूत मुलाला पहिल्या सिगारेटकडे नेते, आणि ती समजूत उजळलेल्या रॅकमधून रोज पक्की होते. सिगारेट नुकतीच सोडलेल्या माणसालाही तो रॅक छळतो: घ्यायला आलेला असतो साखर आणि नजर जाते गल्ल्यामागे. कंपनी दरमहा पैसे मोजते ते याच नजरेसाठी. इंग्लंडने मोठ्या दुकानांत 2012 पासून आणि छोट्या दुकानांत 2015 पासून पाकिटं झाकायला लावली. तुम्ही सक्तीची वाट बघू नका. लाकडी दाराचं साधं कपाट करून घ्या. खर्च थोडा, आणि पुढची जप्ती टळेल.

तारखेला वकीलपत्र दाखल करा, दोषारोपपत्राच्या नकला मागा आणि कबुली-नाकबुलीसाठी पुढची तारीख घ्या. वकील परवडत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करा. मात्र मालासाठीचा अर्ज त्या तारखेपर्यंत थांबवू नका, तो याच आठवड्यात गेला पाहिजे.