एका स्टारचा अभिप्राय आल्यावर: कोल्हापुरी चपला ऑनलाइन विकणाऱ्या मुलीस पत्र

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेले पाचही अभिप्राय मी काल रात्री दोनदा वाचले आणि आज सकाळी तुझी लिस्टिंग, म्हणजे संकेतस्थळावरचे तुझ्या चपलेच्या माहितीचे पान, समोर उघडून ठेवून पुन्हा एकदा वाचले. एक स्टार पाहून तुला रडू आले, असे तू लिहिलेस; त्याचे मला नवल वाटले नाही. कोल्हापूरच्या सुभाषनगरातल्या ज्या खोलीत तुझे वडील सकाळपासून कातडे कापत बसतात आणि तुझी आई वेण्या घालते, तिथे तयार झालेल्या जोडाला कुणी दोन शब्दांत ‘बेकार माल’ म्हणून मोकळे व्हावे, हे मनाला लागणारच. तरीही तुला एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. या पाचांपैकी चार तक्रारींचे मूळ चपलेत नाही, तुझ्या लिस्टिंगमध्ये आहे. पाचवी मात्र चपलेची आहे आणि तिच्याविषयी शेवटी लिहितो.

पहिली तक्रार मापाची. ‘साइज ८ मागवला, लहान आला,’ असे त्या गृहस्थांनी लिहिले आहे आणि तू त्यांना ‘आम्ही ८ च पाठवला आहे’ असे उत्तर दिले आहेस. दोघेही खरे बोलत आहात. तुझ्या लिस्टिंगमध्ये केवळ ‘८’ हा आकडा आहे. तो कुणाचा आठ, हे कुठेच लिहिलेले नाही. आपल्याकडे पादत्राणांवर छापला जाणारा आठ बहुधा ब्रिटिश मापाचा असतो, युरोपीय मापात तो साधारण ४२ होतो, अमेरिकन मापात पुरुषांसाठी साधारण नऊ होतो, आणि बायकांच्या मापात अमेरिकन आकडा याहून पुढे जातो. त्यात आपल्या धंद्याची आणखी एक अडचण अशी, की तुमच्या घरच्या फर्म्याचा, म्हणजे साच्याचा, आठ आणि शेजारच्या घरच्या फर्म्याचा आठ एकमेकांवर ठेवून पाहिले तर ते तंतोतंत जुळतीलच असे नाही, आणि अर्धे माप आपण करतच नाही. दुकानात गिऱ्हाईक समोर बसते, आपण तीन जोड पुढे टाकतो, तो पाय घालून पाहतो आणि आकड्याचा प्रश्न तिथेच मिटतो. ऑनलाइन विक्रीत ते पाय घालून पाहणे नाही, म्हणून त्याचे काम शब्दांनी आणि सेंटिमीटरनी करावे लागते.

तेव्हा प्रत्येक मापाच्या जोडाचा तळ टाचेपासून अंगठ्याच्या टोकापर्यंत मोज, पंज्याजवळची रुंदी मोज आणि दोन्ही आकडे सेंटिमीटरमध्ये लिही. एका फोटोत तळाशेजारी टेप ठेव, म्हणजे आकडा नुसता वाचायला लागणार नाही, दिसेलही. पाय कसा मोजायचा तेही सांग: संध्याकाळी, कारण दिवसभराच्या वावराने पाय थोडा फुगलेला असतो, भिंतीला टाच टेकवून, कागदावर पूर्ण भार देऊन उभे राहून, दोन्ही पाय, आणि त्यांतला मोठा आकडा धरून. त्याखाली एक ओळ हवीच हवी, की कोल्हापुरीचा पट्टा वापराने सैल होतो, पण तळाची लांबी वाढत नाही. ही गोष्ट आपल्याला जन्मापासून ठाऊक असते. गुवाहाटीच्या किंवा लुधियानाच्या माणसाला ती कुणी सांगितलेली नसते.

दुसरी तक्रार वाचून मला फार वाईट वाटले. ‘चालताना आवाज येतो, सदोष माल आहे.’ करकर वाजणारी चप्पल मुद्दाम सांगून करून घेण्याची हौस आपल्याकडे किती जुनी आहे! वाजणारा जोड घालून पैलवान रस्त्याने निघाला की लोक वळून पाहत. त्या आवाजासाठी कारागीर तळाच्या थरांमध्ये किती निगुतीने काम करतो हे तुला घरीच पाहायला मिळते. पण ज्याने आयुष्यात कोल्हापुरी घातलेली नाही, त्याच्या दृष्टीने नव्या पादत्राणाचा आवाज म्हणजे काहीतरी सुटले आहे, काहीतरी निघाले आहे. त्या माणसाने ऑफिसात घालायला म्हणून तो जोड घेतला असेल आणि शांत खोलीत पहिल्याच दिवशी सगळ्यांनी मान वर करून पाहिले असेल. त्याचा राग योग्य आहे. वाजणारा आणि न वाजणारा असे दोन प्रकार वेगवेगळ्या लिस्टिंगमध्ये मांड, वाजणाऱ्याच्या नावातच ‘करकर आवाजाची’ असे लिही आणि तीस सेकंदांचा एक व्हिडिओ जोड, ज्यात फरशीवर चार पावले टाकलेली ऐकू येतील. ज्याला हवी तो हौसेने घेईल, ज्याला नको तो वाटेला जाणार नाही, आणि यातच तुझा परत येणारा अर्धा माल वाचेल.

तिसरी तक्रार, फोटोतल्यापेक्षा रंग वेगळा आल्याची; तिच्याविषयी थोडक्यात लिहितो. तुझे फोटो गच्चीवर दुपारच्या उन्हात काढलेले आहेत, हे सावलीवरून कळते. त्या उन्हात गडद तपकिरी कातडे मधासारखे पिवळसर दिसते. फोटो सकाळी, सावलीत, उघड्या दारापाशी काढ आणि कोणताही फिल्टर लावू नकोस. बाभळीची साल आणि हिरडा यांनी कमावलेल्या कातड्याचा रंग प्रत्येक तुकड्यात थोडा वेगळा उतरतो, आणि तेल लागल्यावर व वापराने तो आणखी गडद होतो. हे लिहून ठेव आणि एकाच प्रकारचे तीन जोड शेजारी ठेवून काढलेला फोटो दे.

चौथी तक्रार पावसाची आहे. मुंबईच्या बाईंनी जुलैत जोड घेतला, तो भिजला, आकार बिघडला आणि बुरशी धरली. आपण कोल्हापुरी पावसाळ्यात माळ्यावर ठेवतो, म्हणून ‘पावसात घालू नये’ असे लिहिण्याची गरज तुला वाटली नाही. ही ओळ लिस्टिंगच्या पहिल्या तीन ओळींत यायला हवी, तळाशी बारीक अक्षरांत नव्हे. भिजल्यास उन्हात न ठेवता सावलीत वाळवावी, नवा जोड पहिले काही दिवस चावतो म्हणून पट्ट्याला आतून तेलाचा हात द्यावा आणि आधी घरातच थोडा थोडा वेळ घालावा, अशा चार ओळींची एक चिठ्ठी खोक्यातही घाल. कातड्याविषयीही संदिग्ध राहू नकोस. नुसते ‘लेदर’ लिहिले की वाचणारा आपल्या मनाने अर्थ लावतो. म्हशीचे असेल तर म्हशीचे असे लिही; काही ग्राहकांना ते आधी माहीत असणे फार महत्त्वाचे असते. शिवण चामड्याच्या वादीची आहे की दोऱ्याची, तेही सांग. दोऱ्याची असेल तर त्यात लपवण्यासारखे काही नाही, लपवले तर मात्र ती फसवणूक होते.

याच संदर्भात नावाविषयी एक सांगतो. ‘कोल्हापुरी चप्पल’ या नावाला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले. ते महाराष्ट्रातल्या कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातल्या बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर अशा आठ जिल्ह्यांसाठी आहे. तुझ्या दुसऱ्या लिस्टिंगमध्ये रेक्झिनच्या तळाचा स्वस्त जोड ‘अस्सल कोल्हापुरी’ या नावाने लावलेला मला दिसला. तो आजच काढ. तो विकायचा असेल तर ‘कोल्हापुरी पद्धतीची, रेक्झिन तळाची’ असे लिहून वीक. आपल्या माणसांनी इतकी वर्षे जे नाव जपले, ते आपल्याच घरातून सैल होऊ नये असे मला मनापासून वाटते.

आता उत्तरांविषयी, कारण तुझ्या लिस्टिंगपेक्षाही तुझ्या उत्तरांची मला जास्त काळजी वाटते. मी पहिल्यांदा ऑनलाइन विक्री सुरू केली तेव्हा दिल्लीच्या एका ग्राहकाने लिहिले होते, की चप्पल जड आहे आणि तिला वास येतो. मी त्याच रात्री उत्तर लिहिले. आमच्या तीन पिढ्या या कामात गेल्या, तुम्हाला कातड्यातले काय कळते, प्लॅस्टिक घालायची सवय असलेल्यांनी कोल्हापुरी घेऊ नये, असे सगळे त्यात होते. लिहिताना मला वाटत होते, की मी त्या एका माणसाशी बोलतो आहे. पुढे कित्येक महिने, तो जोड उघडून पाहणारा प्रत्येक जण त्याच्या दोन ओळींची तक्रार आणि तिच्याखालचे माझे वीस ओळींचे भांडण वाचत होता. त्या जोडाची विक्री जवळजवळ थांबली. खरे म्हणजे त्याची दोन्ही निरीक्षणे बरोबर होती: जोडाचे वजन मी लिहिले नव्हते, आणि ताज्या तेलाचा जोड बंद प्लॅस्टिकमध्ये आठवडाभर कोंडून पाठवला होता. वजन लिहिणे आणि कापडी पिशवीत जोड घालून पाठवणे या दोन साध्या गोष्टी करायला मला आणखी चार वाईट अभिप्राय यावे लागले. ते उत्तर आठवले की आजही जीव कळवळतो.

म्हणून उत्तर आधी वहीत लिही आणि एक रात्र जाऊ दे, मात्र दोन दिवसांच्या पुढे थांबू नकोस. केंद्र सरकारच्या २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार तक्रारीची पोच ४८ तासांत आणि तिचे निवारण महिन्याभरात व्हावे लागते. उत्तर चार-पाच ओळींचे असावे आणि ग्राहकाने ज्या भाषेत लिहिले त्याच भाषेत असावे. मापाच्या तक्रारीला मी असे लिहिले असते: ‘आपल्याला जोड लहान झाला याचे वाईट वाटते. आमच्या माहितीत तळाची लांबी दिलेली नव्हती, ती चूक आमची आहे. या जोडाचा तळ अमुक सेंटिमीटर आहे. आजपासून तो आकडा वर दिला आहे. आपल्या पायाची लांबी कळवल्यास योग्य मापाचा जोड बदलून देऊ, परत पाठवण्याचा खर्च आमचा.’ यात कुठेही ‘पण’ नाही, हे ध्यानात घे. आणि ‘आजपासून वर दिला आहे’ असे लिहिशील, तर तो आकडा खरोखर वर देऊन मगच उत्तर टाक.

तू विचारलेस, की ग्राहक आपल्याला वाटेल ते लिहू शकतो, मग आपल्याला त्याच्याविषयी लिहिण्याची सोय का नाही. एके काळी ती होती. ईबे या संकेतस्थळावर १९९६ पासून विकणारा आणि विकत घेणारा, दोघेही एकमेकांना बरावाईट अभिप्राय देत. पण आपण तक्रार केली की विक्रेता उलट आपल्यालाच वाईट अभिप्राय देईल, या धास्तीने ग्राहक गप्प बसू लागले. शेवटी २००८ मध्ये विक्रेत्यांनी ग्राहकांना वाईट अभिप्राय देणे तिथे बंद केले गेले. ग्राहकाने न घाबरता बोलावे, यातच तुझेही हित आहे, कारण जो न बोलता निघून जातो त्याच्याकडून तुला काहीच शिकायला मिळत नाही.

तुझ्या मैत्रिणीने सुचवलेला मार्ग, म्हणजे नात्यातल्या दहा जणांकडून पाच-पाच स्टार लिहून घेणे, कृपा करून धरू नकोस. विक्रेत्याने ग्राहक असल्याचे भासवून अभिप्राय लिहिणे वर सांगितलेल्या २०२० च्या नियमांनीच निषिद्ध आहे, आणि जाहिरातीत सांगितल्याप्रमाणे नसलेला माल परत घ्यायला नकार देणेही. ग्राहकाला फोन करून स्टार वाढवण्याची गळ घालू नकोस आणि त्यासाठी पैसे देऊ नकोस. तक्रार मिटल्यावर त्याला स्वतःहून बदलावेसे वाटले तर तो बदलेल.

खोटी तक्रार येतच नाही, असे मी म्हणत नाही. महिनाभर वापरलेला जोड परत येतो, कधी खोक्यात भलतीच चप्पल येते. त्यासाठी प्रत्येक जोड बांधताना तळ, कान (तळाच्या दोन्ही बाजूंचे, पट्टा धरणारे कातड्याचे तुकडे) आणि पट्टा दिसेल असा छोटा व्हिडिओ ऑर्डरच्या क्रमांकासह काढून ठेव, परत आलेले खोके उघडतानाही काढ, आणि ज्या संकेतस्थळावर विकतेस त्या कंपनीकडे मुदतीच्या आत रीतसर दाद माग. अभिप्रायाखाली मात्र पुराव्यांची मांडामांड नको. तिथे दोन सभ्य ओळी पुरेत.

आता पाचवी तक्रार. सहाव्या दिवशी उजव्या पायाचा कान उसवला, असे त्या ताईंनी लिहिले आहे आणि फोटो दिला आहे. मी तो मोठा करून पाहिला. वादी तुटलेली नाही, टोकाशी ती आत नीट ओढून घेतलेली नाही, म्हणून सुटली आहे. हा दोष आपला आहे. तो फोटो वडिलांना दाखवायचे तू टाळते आहेस, त्यांना वाईट वाटेल म्हणून. त्यांना वाईट वाटेल हे खरे. पण गेल्या दिवाळीत त्यांचे डोळे दुखत होते आणि शेवटची शिवण ते दिव्याखाली करत होते, हे मला ठाऊक आहे. त्यामुळे त्याच दिवसांतले आणखी काही जोड असे असण्याची शक्यता आहे. फोटो त्यांना दाखव. घरात शिल्लक असलेल्या त्या खेपेतल्या प्रत्येक जोडाचे चारही कान हाताने ओढून पाहा, आणि जे पाठवून झाले आहेत त्या ग्राहकांना तक्रार येण्याआधी आपण होऊन कळव, की शिवण सैल वाटली तर जोड बदलून देऊ. त्या ताईंना नवा जोड आज पाठव, जुना परत येण्याची वाट न पाहता.

वाजणाऱ्या जोडाची नवी लिस्टिंग लिहून झाली की टाकण्याआधी मला पाठव. व्हिडिओ काढताना पंखा बंद कर, नाहीतर करकर ऐकू येणार नाही.

तुझा,
काका

ता. क. ‘बेकार माल’ या दोन शब्दांच्या अभिप्रायाला काय उत्तर द्यावे, असे तू विचारले होतेस. मापाची तक्रारही त्याच गृहस्थांची आहे, हे ऑर्डरचा क्रमांक पाहिल्यावर तुझ्या लक्षात येईल. त्यांना एकच उत्तर दे, वरचे.